व्यवसायोपचारातील व्यावसायिक डॉक्टरेट : स्वरूप आणि पूर्ततेच्या अटी

प्रस्तावना :
डॉक्टरेट म्हटले की अध्यापकवर्गाच्या मनात पीएच.डी.चा प्रबंध उभा राहतो. अमेरिकेतील ‘डॉक्टर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’ म्हणजेच ओटीडी ही पदवी मात्र या कल्पनेत बसत नाही. व्यवसायोपचारात ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ नोकरी नव्हे. अंघोळ, स्वयंपाक, लेखन, खेळ अशा अर्थपूर्ण दैनंदिन कृती त्यात येतात. आजार वा अपंगत्वामुळे खंडित झालेल्या या कृती रुग्णाला पुन्हा साध्य करून देणे हे या शास्त्राचे कार्य होय. म्हणूनच पदवीची कसोटी प्रामुख्याने प्रत्यक्ष सेवेच्या ठिकाणी लागते.

पूर्ततेच्या अटी :
प्रवेशस्तरीय ओटीडी अभ्यासक्रमांना ‘अकोट’ ही संस्था अधिमान्यता देते. तिच्या मानकांनुसार वर्गातील अभ्यासक्रमाबरोबर द्वितीय स्तराचे किमान 24 आठवड्यांचे पूर्णवेळ क्षेत्रकार्य अनिवार्य आहे. त्यात विद्यार्थी पर्यवेक्षणाखाली रुग्णसेवा करतो. त्यानंतर 14 आठवड्यांचा, म्हणजे 560 तासांचा, ‘कॅपस्टोन’ अनुभव घ्यावा लागतो. यांपैकी 20 टक्क्यांहून अधिक, म्हणजे 112 तासांहून जास्त काम नियोजित स्थळाबाहेर करता येत नाही. पूर्वीचे क्षेत्रकार्य वा नोकरीचा अनुभव याऐवजी ग्राह्य धरला जात नाही.

कॅपस्टोन सुरू होण्यापूर्वी साहित्याचा आढावा, गरजांचे मूल्यमापन, उद्दिष्टे आणि मूल्यमापन आराखडा तयार असावा लागतो. उदाहरणार्थ, वृद्धांचे घरात पडणे टाळण्याचा कार्यक्रम आखणाऱ्या विद्यार्थ्याने आधी त्या वृद्धांची गरज तपासावी, मग कार्यक्रम राबवावा आणि शेवटी त्याचा परिणाम मांडावा, अशी अपेक्षा असते. मार्गदर्शक व्यवसायोपचारतज्ज्ञच असावा असे बंधन नाही. निवडलेल्या विषयातील त्याचे प्रावीण्य महत्त्वाचे मानले जाते.

पदवी आणि परवाना :
पदवी मिळाल्याने व्यवसाय करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा उत्तीर्ण होऊन संबंधित राज्याचा परवाना घ्यावा लागतो. आधीच व्यवसायात असलेल्यांसाठी पदव्युत्तर ओटीडी हा वेगळा मार्ग आहे. त्याच्या अटी प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते.

सक्तीचा प्रश्न :
1 जुलै 2027 पासून व्यवसायात प्रवेशासाठी डॉक्टरेट सक्तीची करण्याचा निर्णय अकोटने 2017 मध्ये घेतला होता. त्यावर व्यवसायात मोठा वाद झाला. वाढणारा कालावधी आणि शुल्क यांचा भार विद्यार्थ्यांवर पडेल, असा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. 2018 मध्ये निर्णय स्थगित झाला आणि 2019 मध्ये पदव्युत्तर पदवी व डॉक्टरेट असे दोन्ही प्रवेशमार्ग कायम ठेवण्यात आले.

निष्कर्ष :
भारतात या विषयाच्या शिक्षणाचा पाया 1950 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी घातला. त्या मूळच्या अमेरिकन होत्या. आज येथील पदवीधर अमेरिकेतील ओटीडीचा विचार करतो तेव्हा अध्यापकाने त्याच्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत : पदवी प्रवेशस्तरीय आहे की पदव्युत्तर? तिने परवान्याचा मार्ग खुला होतो का? आणि ध्येय रुग्णसेवेचे आहे की संशोधनाचे? ध्येय संशोधनाचे असेल तर पीएच.डी.च उचित ठरते. दोन्ही पदव्यांच्या नावात ‘डॉक्टर’ असले, तरी त्यांच्या कसोट्या भिन्न आहेत.