लॉकडाउन ‘उघडा’ म्हणणारे आणि ‘राहू द्या’ म्हणणारे

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. मधले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि खालून ओरडत गेलेला भंगारवाला कापून टाकलाय.

विषय २०२० आणि २०२१ चा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळा-कॉलेजात असतील, त्यामुळे ‘ऑनलाइन लेक्चर’ एवढंच आठवत असेल. पण घरातली मोठी माणसं तेव्हा एका गोष्टीवरून जाम भांडत होती: सगळं उघडायचं की अजून बंद ठेवायचं?

आमच्या घरात तीन मतं होती. दादा आयटीत, लॅपटॉप घरी आला, पगार चालू, उलट येण्याजाण्याचा खर्च वाचला. तो म्हणायचा, अजून दोन महिने बंद ठेवा. आत्या निवृत्त शिक्षिका. तिची पेन्शन महिन्याला येत होती. रिझर्व्ह बँकेने २२ मे २०२० ला रेपो दर ४ टक्क्यांवर आणला, एफडीचं व्याज उतरलं म्हणून ती कुरकुरली, पण तिचं मत ‘बंद’च. आणि काकांचं ठाण्यात शाळेच्या गणवेशाचं दुकान, गाळा भाड्याचा. काकांचं एकच: ‘अगं, आजाराने मरायच्या आधी घरी बसून मरू आम्ही.’

तिघं एकाच टीव्हीवर रोजचे तेच आकडे बघत होते. आणि गंमत बघा, तिघांपैकी एकानेही ‘माझ्या पैशांचं असं आहे म्हणून मला असं वाटतं’ हे कधी म्हटलं नाही. दादा आलेख दाखवायचा, काका अनुभव सांगायचे. दोघांनाही मनापासून वाटायचं की समोरच्याला कळत नाही.

मला विचाराल तर कोणाचं मत काय असेल ते एका प्रश्नावरून बरंचसं ओळखता यायचं. आज उत्पन्न थांबलं तर हे घर किती दिवस चालेल? दादाचं उत्तर महिन्यांत होतं, रिक्षावाल्याचं दिवसांत. शिवाय नोकरदाराला आणखी एक आधार होता. पीएफमधून तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातली कमी असेल ती रक्कम काढायची सोय केंद्राने मार्च २०२० मध्येच दिली होती. वडापावच्या गाडीवाल्याला कुठला पीएफ? त्याच्यासाठी जूनमध्ये स्वनिधी योजना आली, १० हजारांपर्यंतची. पण ते कर्ज होतं, परत फेडायचं.

फक्त उत्पन्न बघून मात्र अंदाज चुकतो. दुसरी बाजू खर्चाची, तीही न थांबणाऱ्या खर्चाची. काकांच्या शेजारच्या दुकानदाराचा धंदा साधारण तेवढाच. पण त्याचा गाळा वडिलांनी घेतलेला, स्वतःचा. तो शांतपणे म्हणायचा, ‘राहू दे अजून महिनाभर, जीव महत्त्वाचा.’ काकांना मात्र पहिल्या तारखेला भाडं दिसायचं. रस्ता तोच, धंदाही सारखा, आणि मतं उलटी.

हप्त्यांचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला तीन महिन्यांची हप्ते-सवलत जाहीर केली, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. मोरेटोरियम. लोकांना वाटलं हप्ता माफ. नाही हो! व्याज चालूच होतं. हिशेब करून बघा: २५ लाखांचं नवंकोरं गृहकर्ज, ८ टक्के व्याज, २० वर्षं, हप्ता साधारण २०,९००. सहा महिने काहीच भरलं नाही तर मुद्दलात एक लाखावर रक्कम चढते. हप्ता तोच ठेवला तर सवलत संपल्यावर २४० ऐवजी जवळपास २६६ हप्ते भरायचे. पुढे सरकारने २ कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं ‘व्याजावरचं व्याज’ परत दिलं. या उदाहरणात ते सतराशे रुपयांच्या आसपास येतं. त्यामुळे हप्ता पुढे ढकललेल्या माणसालाही बंद परवडत नव्हतं. त्याला ते फक्त नंतर कळणार होतं.

आता यातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडीज सापडल्या, बाकीच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. म्हणजे कडक लॉकडाउन होऊनही तिथे निम्म्याहून जास्त लोकांपर्यंत विषाणू पोचला होता. पोचणारच. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण आणि संडास गल्लीचा सामायिक, तर ‘घरात राहा’चा अर्थ काय उरतो? बंदचं संरक्षण ज्यांना सगळ्यात कमी मिळालं, त्यांनीच त्याची किंमत सगळ्यात जास्त मोजली. मग ते ‘उघडा’ म्हणाले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक लिहायचे, ‘या लोकांना अक्कल नाही.’

त्याच ग्रुपवर घरकामाच्या मावशींना आत घ्यायचं की नाही यावर आठवडाभर वाद झाला. आमच्याकडच्या मावशी दोन घरी कामाला होत्या. आम्ही पगार चालू ठेवला, दुसऱ्या घराने थांबवला. आम्हाला त्या फोनवर म्हणायच्या, ‘ताई, एवढ्यात नको, माझ्या सासूला दमा आहे.’ आणि त्याच मावशी दुसऱ्या घरासाठी दर सोमवारी गेटवर येऊन विचारायच्या, कधीपासून येऊ? बाई तीच, भीतीही तीच. फरक पगाराचा.

म्हणून पैसे हातात दिले की लोक बंद सहन करतात हे खरं, पण किती दिले हेही बघावं लागतं. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने पुन्हा निर्बंध लावले तेव्हा ५,४७६ कोटींचं पॅकेज आलं. परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, नोंदणीकृत घरकामगार अशांना प्रत्येकी १,५०० रुपये. महिन्यावर भागा: रोजचे ५०. त्यातही दुसऱ्याची रिक्षा शिफ्टने चालवणाऱ्याच्या नावावर परवाना नसतो. मावशींची नोंदणी नव्हती. अशी नोंदणी असते हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

बरं, ‘उघडलं’ म्हणजे पैसे आले असंही नाही. जून २०२० मध्ये दुकानं उघडली ती पी-१, पी-२ पद्धतीने, आज रस्त्याची ही बाजू, उद्या ती. सलून २८ जूनला उघडली, तर फक्त केस कापायचे, दाढी नाही! काकांचं शटर वर गेलं, पण शाळाच बंद, गणवेश घेणार कोण? वर्षाची कमाई जूनमध्ये करणारा माणूस दिवसभर मोबाईलवर पत्ते खेळत बसला. तेव्हापासून ते ‘दुकानं उघडा’ म्हणायचे थांबले आणि ‘शाळा उघडा’ म्हणू लागले.

सगळंच खिशावरून ठरतं असा माझा दावा नाही. दुसऱ्या लाटेत काकांच्या ओळीतले दोन दुकानदार एकाच आठवड्यात ऑक्सिजनवर गेले. त्या वेळी काकांकडे २०२० पेक्षा कमी पैसे होते, भाडं दोन महिन्यांचं थकलेलं. तरी निर्बंध लागायच्या चार दिवस आधीच त्यांनी स्वतःहून कुलूप लावलं. दादाने विचारलं तर म्हणाले, ‘भाड्याचं बघू.’ मालकाने पुढे एक महिना सोडून दिला, एक घेतला.

पुढच्या भागात मोरेटोरियमवर आलेले तुमचे प्रश्न घेतेय. घरात तेव्हाचं गृहकर्ज असेल तर आई-बाबांकडून फेब्रुवारी २०२० आणि सप्टेंबर २०२० ची शिल्लक रक्कम मागून ठेवा आणि दोन्ही आकडे व्हॉइस नोटमध्ये सांगा. बँकेचं नाव नको, आकडे पुरेत.