वितळणाऱ्या प्लास्टिकला तंतूंचे बळ

भंगारवाला दारी आला म्हणजे फुटकी बादली, मोडकी खुर्ची वजनावर घेतो. परंतु फायबरचा तडकलेला पत्रा पुढे केला की मान हलवितो. "सर, दोन्ही प्लास्टिकच ना?" असे एका मुलाने मला वर्गात विचारले. प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरात एका मोठ्या उद्योगाची किल्ली आहे. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकणारी कित्येक मुले आज कारखान्यांच्या दारात उभी आहेत. त्यांच्या घरी या विषयाची तोंडओळख असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

चिखलात भाताचे काड तुडवून भिंत घालण्याची रीत आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. नुसता चिखल वाळला की तडकतो. काड त्याला धरून ठेवते. हेच तत्त्व येथे आहे. चिखलाच्या जागी प्लास्टिक आणि काडाच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे तंतू. कार्बनचा एक तंतू अवघा ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असतो. ताण तंतूंनी सोसावा आणि प्लास्टिकने त्यांना एकत्र बांधून ठेवावे, अशी ही कामाची वाटणी होय.

आता प्लास्टिकच्या दोन जाती पाहू. इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर राळ एकदा घट्ट झाली की भट्टीतून निघालेल्या मडक्यासारखी होते. मडक्याचा पुन्हा चिखल होत नाही. फायबरचा पत्रा बहुधा या जातीचा. दुसरी जात मेणासारखी: तापविली की वितळते, निवली की घट्ट होते, आणि पुन्हा तापविता येते. हिला थर्मोप्लास्टिक म्हणतात. बादलीचे पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना, तर विमानात वापरतात ते पीक नावाचे प्लास्टिक सुमारे ३४३ अंशांना.

मग सर्व वस्तू या दुसऱ्या जातीच्याच का करीत नाहीत? अडचण भिजविण्याची आहे. इपॉक्सी राळ घट्ट होण्यापूर्वी एरंडेलासारखी वाहते आणि तंतूंच्या जुडीत सहज शिरते. वितळलेले थर्मोप्लास्टिक मात्र पाण्याच्या लाखपट, प्रसंगी त्याहूनही चिकट असते. लाखो बारीक तंतूंच्या फटींत ते शिरावे कसे? ज्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या, त्या बहुतेक याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

पहिली पद्धत इंजेक्शन मोल्डिंगची. तंतूंचे बारीक तुकडे मिसळलेले दाणे वितळवून साच्यात जोराने दाबतात. काम झटपट होते. पण यंत्राच्या मळसूत्रात तंतू मोडतात व बहुधा एक मिलिमीटरहूनही आखूड उरतात. आखूड तंतू आपला पूर्ण भार पेलण्याआधीच प्लास्टिकमधून उपसून येतो. म्हणून ही पद्धत मध्यम ताकदीच्या सुट्या भागांना योग्य.

दुसरी पद्धत प्रेसची. प्लास्टिकचे पातळ पापुद्रे आणि तंतूंचे कापड यांचे एकाआड एक थर रचून ते उष्णता व दाब देऊन एकजीव करतात. कधी प्लास्टिकचा धागा तंतूंच्या धाग्यातच मिसळून विणतात, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकला दूर जावे लागत नाही. असा तयार पत्रा भट्टीत मऊ करून काही सेकंदांत साच्यावर आणतात व दाबतात. चिक्की लाटणाऱ्याला हे सांगावयास नको. पाक गरम आहे तोवरच लाटणे चालते. क्षणभर उशीर झाला की हात थांबतो.

तिसऱ्या पद्धतीत तंतूंची भिजलेली फीत यंत्र तापवून थरावर थर चिकटवीत जाते. चौथी खुबी जोडकामाची: दोन भाग खिळ्यांवाचून, वितळवूनच सांधता येतात. २००५ साली प्रथम उडालेल्या एअरबस ए-३८० विमानाच्या पंखाची पुढची कड काचतंतू व पीपीएस प्लास्टिकची असून ती अशीच सांधलेली आहे.

असा माल पुन्हा वितळविता येतो हे खरे. तथापि दळताना तंतू तुटतात, म्हणून दुसऱ्या खेपेची वस्तू पहिलीइतकी बळकट होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

प्रेसवर काम करणारा माझा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटला. तो म्हणाला, "सर, दाब पुरता दिला नाही, किंवा तो लवकर काढला, तर पोटात हवेच्या पोकळ्या राहतात. वरून नग कित्येकदा ठीकच दिसतो. पाच-दहा सेकंद वाचविले की संध्याकाळी संख्या मात्र वाढते." मी विचारले, "मग तू काय करतोस?" तो म्हणाला, "पूर्ण वेळ देतो. तो नग कोणाच्या गाडीला लागणार, ते मला थोडेच ठाऊक आहे!"

माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो. या वस्तूंचीही एक जुनी परीक्षा तीच: नाण्याने हलके ठोकावे. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटले असतील तेथे बद्द. सूक्ष्म परीक्षेसाठी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरतात. परंतु परीक्षा पुढची. खोट आत शिरते ती दाब देणाऱ्या हाताखालीच. आपल्या मुलांनी हे शास्त्र अवश्य शिकावे, आणि त्या पाच-दहा सेकंदांचे मोलही शिकावे.