बंद वाघिणीचा हिशेब

पंजाबातील गहू मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामांपर्यंत पोहोचविणाऱ्या बंद वाघिणीइतकी दुर्लक्षित वस्तू रेल्वेच्या दफ्तरी दुसरी नसावी. इंजिनाचे कौतुक करणारे पुष्कळ, आणि प्रवासी डब्यांविषयी तक्रारी करणारे त्याहून पुष्कळ. पण या बिनखिडकीच्या तपकिरी पेटीकडे फाटकापाशी खोळंबलेला मनुष्य पाहतो तो केवळ संख्या मोजण्यापुरता.

तिच्या रचनेचे मर्म वजाबाकीत आहे. रूळ आणि पूल एका आसामागे किती भार सोसतील हे आधीच ठरलेले असते. ‘बीसीएनए’ या जातीच्या वाघिणीस ही मर्यादा २०.३२ टन, म्हणजे चार आसांस मिळून ८१.२८ टन. त्यांपैकी सुमारे २४.६ टन वाघिणीचे स्वतःचेच वजन असल्यामुळे मालाच्या वाट्याला उरतात साडेछप्पनच्या आसपास. आकार कितीही मोठा केला तरी हा आकडा वाढत नाही. तो वाढतो वाघिणीने स्वतःचे अंग झडवले तरच.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी ओळखली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत त्याने अडीच फुटी रूळमार्ग घातला, तेव्हा इंजिनासह कोणत्याही गाडीच्या आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही असा दंडक त्याने स्वतःस घालून घेतला, आणि दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्यांच्या हलक्या सांगाड्यांवर वाघिणी उभारून तो पाळला.

ब्रॉडगेजवर हेच तत्त्व लखनौच्या संशोधन व अभिकल्प संस्थेने एकविसाव्या शतकात ‘बीसीएनएचएल’ या नव्या जातीच्या वाघिणीत पुरतेपणी राबविले. आसभार २२.९ टनांवर गेला, एकूण भार ९१.६ टन झाला, आणि स्वतःचे वजन मात्र २०.८ टनांवर उतरले. शिवाय बीसीएनए १४.४५ मीटर लांब, तर ही अवघी १०.९६ मीटर. मोठा भार वाहावयाचा तर वाघीण लांब हवी असे कोणासही वाटेल. परंतु मालगाडीची लांबी ठरविते स्थानकातील लूप, कारण दुसऱ्या गाडीस वाट देण्यासाठी तिला तेथे शेपटासह मावावे लागते. म्हणून आखूड, पण रुंद आणि उंच वाघिणी ५८ जोडल्या, की लूपच्या प्रत्येक मीटरला, जेथे पूर्वी ५.६ टन उभे राहत तेथे ८.४ टन उभे राहतात. सगळ्या बदलांत मला हा सर्वांत चतुर वाटतो.

वजन घटण्यात न गंजणाऱ्या पोलादाचाही वाटा आहे. खत आणि मीठ साध्या पत्र्यास खातात, म्हणून पूर्वी झिजेची तरतूद धरून पत्रा जाड ठेवीत. ती तरतूदच आता पुष्कळशी अनावश्यक झाली. अर्थात एकूण भारातून स्वतःचे वजन वजा जाता उरणारी ७०.८ टनांची क्षमता हे कागदावरचे बोलणे. माल हलका असला तर काट्यावर जागा शिल्लक असताना छत आडवे येते.

एवढी गणिते केलेली ही पेटी परीक्षेस बसते ती दाराशी. दाराची खालची फळी धक्क्यावर टेकली म्हणजे हमाल पाठीवर ५० किलोंचे पोते घेऊन तिच्यावरून आत जातो. वरची दोन पाने मिटतात, कडी बसते, तार ओवून सील होते. परंतु धक्के खाऊन पाने वाकलेली असतात, बिजागरी सैल झालेली असते. जाणता मुकादम माल चढण्यापूर्वी आत उभा राहून दारे ओढून घेण्यास सांगतो आणि अंधारात कोठून उजेड येतो ते पाहतो. उजेडाची ती रेघ श्रावणात पाण्याची धार होणार हे तो जाणतो. म्हणूनच थप्प्या दारापासून राखून लावतात आणि फटीवर चटई नाहीतर तरट लावतात. एवढी हुन्नर खर्चून बांधलेल्या वाघिणीची ही शेवटची डागडुजी माल पाठविणाऱ्यानेच, स्वतःच्या खर्चाने करावयाची असते. आणि पोती रेल्वेच्या कारकुनाने मोजली नसतील, तर पावतीवर ‘पाठविणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे’ अशा अर्थाचा शेराही पडतो.