पलंगाखालच्या पाटल्या

आमच्या घरी पलंगाखाली एक काळी, लांबट पेटी चाळीस वर्षं होती. आल्यागेल्याने 'हिच्यात काय आहे हो?' असं विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, 'माझ्या पाटल्या!' पाहुणे हसत. त्यांना वाटे, वहिनींनी विनोद केला. तो विनोद नव्हता.

पेटीत होती एक बास गिटार. मी तेव्हा फोर्टातल्या एका बँकेत रोखपाल होतो आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बास वाजवीत असे. गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मग वाड्यांमधल्या पूजा. माझं वाद्य देशी होतं. पावसाळा आला की त्याची दांडी धनुष्यासारखी वाके आणि तारा बोटभर वर उचलल्या जात. १९८३ साली कुणीतरी सांगितलं, की धोबी तलावाजवळच्या एका कुडात बोटीवरचा एक निवृत्त वादक आपली अमेरिकन गिटार विकतो आहे. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने आपल्या दर्यावर्दी माणसांसाठी मुंबईत केलेली उतरायची जागा. ओळीने ट्रंका, भिंतीवर क्रूस, आणि एका ट्रंकेवर ही पेटी. अंकलनी झाकण उघडलं. म्हणाले, 'फेंडर प्रिसिजन. सिक्स्टी-सिक्सची आहे, मॅन.' किंमत आठ हजार. माझा पगार चौदाशे.

घरी येऊन मी तीन दिवस जेवताना गप्प होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. चौथ्या दिवशी हिने हातातल्या दोन्ही पाटल्या काढून ताटाशेजारी ठेवल्या आणि म्हणाली, 'एकदाची आणा ती गिटार आणि माणसासारखे जेवा.' मी त्या मोडल्या. 'परत करीन' म्हणालो, तेही तेव्हा अगदी मनापासून म्हणालो.

बास म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण गाण्यात ती आहे हे बहुतेकांना ती नसतानाच कळतं. चार जाड तारा, साध्या गिटारीपेक्षा एक सप्तक खाली. तबल्यात डग्गा जे करतो, ते ही वाद्यवृंदात करते. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बास नुसती बंद करून पाहा. गाणं चालेल, पण अनवाणी चालेल.

हे वाद्य तसं अलीकडचं. त्याआधी हे काम माणसाच्या उंचीचा डबल बास करी. तो टॅक्सीत मावत नसे आणि कर्ण्यांच्या गोंगाटात ऐकूही जात नसे. लाकडी दांडीवर खुणा नसल्यामुळे बोट सुतभर सरकलं की सूर गेला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, ही त्यातली गंमत. त्याने १९५१ साली भरीव लाकडाची, सतारीला असतात तसे पडदे लावलेली विजेवरची बास बाजारात आणली. पडद्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन'. दांडी निव्वळ चार स्क्रूंवर बसवलेली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. पुढे १९६० साली 'जाझ बास' आली. जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने प्रकृतीच्या धास्तीने कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. संग्राहकांच्या पंचांगात हा शकारंभ आहे. त्याच्या आधीचं ते सोनं, नंतरचं ते बावनकशी नव्हे, असा सरसकट हिशेब. मला तो पटत नाही. जानेवारीत मालक बदलला म्हणून फेब्रुवारीत सुताराचा हात बिघडत नाही; बिघाड आला तो पुढे, हळूहळू. पण बाजाराला एक रेघ लागते.

आता माझा गुन्हा सांगतो. १९८७ च्या गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला सगळी वाद्यं पांढरी हवी होती. माझी गिटार कडेला तपकिरी आणि मध्ये पिवळट, ज्याला 'सनबर्स्ट' म्हणतात तशी. परळच्या एका मोटार गॅरेजात नेली, तारा काढल्या, आणि ॲम्बॅसॅडर गाडीच्या रांगेत लावून ड्युकोने पांढरीशुभ्र करून आणली. खूप वर्षांनी वाचलं, की फेंडरच्या कारखान्यातही खास रंगाच्या मागण्यांसाठी ड्युपाँटचे मोटारीचेच रंग वापरत. म्हणजे परळच्या मिस्त्रीने केलं ते फुलर्टनच्या मिस्त्रीपेक्षा फार वेगळं नव्हतं. पण जुन्या गिटारींच्या बाजारात या युक्तिवादाला कवडीची किंमत नाही. तिथला ठोकताळा असा : मूळ रंग उडवून दुसरा दिला, की किंमत निम्मी. स्क्रू बदलला, पिकअपची तार पुन्हा गुंडाळली, खुंट्या नव्या बसवल्या, प्रत्येकाला वजावट. वापराने रंग उडाला असेल तर चालेल, घामाने लाकूड काळं पडलं असेल तर उत्तम. हात लावून 'सुधारलेली' मात्र चालत नाही. चाळीतल्या जुन्या कपाटाला आपण दिवाळीला व्हार्निश मारतो, त्या माणसांनी हे ऐकून काय करावं?

गंमत पुढेच आहे. तीस-पस्तीस वर्षांत उदबत्तीचा धूर, मांडवातली धूळ आणि मुंबईची हवा खाऊन तो पांढरा रंग लोण्यासारखा पिवळट झाला. आणि फेंडरचा 'ऑलिंपिक व्हाइट' हा खास रंगही जुना झाला की नेमका असाच पिवळट होतो! असे कारखान्यातले खास रंग सनबर्स्टपेक्षा महाग विकले जातात. २०२३ मध्ये पुण्यातल्या एका तरुणाने, सॉफ्टवेअरमधला, सालस मुलगा, एका मित्राकडून माझ्या गिटारीविषयी ऐकलं. घरी आला, तासभर पाहिली, दहा मिनिटं वाजवली. म्हणाला, 'काका, सहासष्टची, ऑलिंपिक व्हाइट. पाच लाख देतो.' मी रंगाविषयी काही बोललो नाही. त्याने विचारलंही नव्हतं. त्या रात्री हिने शांतपणे विचारलं, 'परळचं सांगितलंत का?'

मी म्हणालो, 'मुलीकडे अमेरिकेला जातोच आहोत. तिथे जाणत्याला दाखवून घेऊ.' खरं म्हणजे मी वेळ काढत होतो.

नेण्यातही एक पेच होता. फेंडरच्या दांडीवर वरची पट्टी असते ती रोजवूडची. सुरुवातीला हे लाकूड ब्राझीलहून येई. १९६० च्या दशकाच्या मध्याला कारखाना भारतीय रोजवूडकडे वळला. भारतीय रोजवूड म्हणजे आपली शिसवी, आजीच्या पाटाची आणि देव्हाऱ्याची! ब्राझीलचं लाकूड १९९२ पासून दुर्मीळ वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. त्याची गिटार सीमेपार विकायची तर कागदपत्रांचा डोंगर. शिसवीलाही २०१७ साली त्याच करारातल्या सौम्य यादीत घातलं होतं, पण २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणजे ब्राझिलियन असेल तर किंमत जास्त आणि पाय अडकलेले; शिसवी असेल तर मान कमी पण पाय मोकळे. निघण्याआधी एका जाणत्या वादकाकडून खात्री करून घेतली. शिसवी होती. दक्षिणेच्या जंगलातून कॅलिफोर्नियाला, तिथून बोटीने मुंबईला, आणि आता विमानाने पुन्हा अमेरिकेला.

न्यूयॉर्कमधल्या त्या दुकानातला गृहस्थ माझ्याच वयाचा, डोळ्यावर घड्याळजीचं भिंग. त्याने तारा काढल्या आणि दांडीचे चार स्क्रू फिरवायला घेतले, तेव्हा मला शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसल्यासारखं झालं. दांडी सुटली. तिच्या बुडाला, जिथे कधी कुणाची नजर जात नाही तिथे, शिक्का होता : मार्च ६८. मग त्याने वरची पट्टी उचलून आवाजाच्या बटनाखालचा भाग दाखवला. त्यावर आकडे कोरलेले, १३७६६१२. पहिले तीन बनवणाऱ्याचे, मधले दोन साल, शेवटचे दोन आठवडा. १९६६ चा बारावा आठवडा. कुणीतरी कधीतरी हेच वाचलं असणार आणि अंकलना 'सिक्स्टी-सिक्स' सांगितलं असणार. पण फेंडरने त्या वर्षी हे सुटे भाग इतके घेऊन ठेवले, की ते पुढे दोन-तीन वर्षं पुरले. म्हणजे सुटा भाग सांगतो ते 'याच्या आधीची नव्हे' एवढंच. अंकल खोटं बोलले नव्हते, याचा मला का कोण जाणे फार आनंद झाला.

मग त्याने दिवा मालवून निळा-जांभळा दिवा लावला. मला हसू आलं. चाळीस वर्षांपूर्वी असल्याच दिव्याखाली मी खोट्या नोटा पकडत होतो. जुनं लॅकर या दिव्यात पिवळसर हिरवं उजळतं. माझी गिटार उजळली नाही. पिकअपच्या खड्ड्याच्या कडेला मात्र सनबर्स्टची एक तपकिरी रेघ परळच्या मिस्त्रीच्या हातून निसटून राहिली होती. त्या माणसाने काही विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. तो मोठ्याने हसला आणि सगळं कागदावर लिहून दिलं.

परत येताना विमानात त्या पेटीचा विचार डोक्यातून जाईना. ज्या बास गिटारींपुढे जग हात जोडतं, त्या बहुतेक या ठोकताळ्यात नापास व्हाव्यात. जॅको पॅस्टोरियसची १९६२ ची जाझ बास घ्या. पडदे काढून टाकलेले, खाचा भरलेल्या, दांडीवर बोटींना लावतात त्या एपॉक्सीचा लेप. त्याच दांडीवर त्याने बासला गायला लावलं. १९८६ साली ती न्यूयॉर्कमधल्या बागेतून चोरीला गेली, पुढच्या वर्षी तो गेला. वीसेक वर्षांनी ती पुन्हा प्रकटली आणि रॉबर्ट ट्रुहियो या वादकाच्या पैशाने २०१० साली त्याच्या घरच्यांचा हक्क तिच्यावर राहिला. 'द हू'च्या जॉन एंटविसलने पाच मोडक्या बास गिटारींचे तुकडे जोडून एक केली आणि नाव ठेवलं फ्रँकेनस्टाइन. तो २००२ मध्ये वारल्यावर पुढच्या वर्षी लंडनला सदबीजच्या लिलावात त्याच्या संग्रहाबरोबर तीही विकली गेली. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतला जेम्स जेमर्सन तर तारा तुटेपर्यंत बदलत नसे आणि उजव्या हाताच्या एका बोटाने सगळं वाजवी. मी माझी गिटार घेतली त्याच वर्षी, १९८३ साली, तो गेला. त्याच्या थोडं आधी त्याची गिटार चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाही. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हँबुर्गला व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर घेतली ती सुमारे तीस पौंडांना, स्वस्त म्हणून, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डावखुऱ्याच्या हातात विचित्र दिसत नाही म्हणून.

याउलट आज दर्दी लोक बोस्टनपासून टोकियोपर्यंत कारागिरांकडे मुद्दाम नव्या बास करून घेतात. ब्रुकलिनचे फोडेरा काय, कॅलिफोर्नियाचे अलेंबिक काय, एकेकीची किंमत ऐकून आपल्याला पाणी मागावं लागतं. त्यांच्याविषयी मला आदर आहे. लाकूडकाम तर डोळ्यांचं पारणं फेडणारं. पण वाद्य घ्यायचं आणि काचेच्या कपाटात ठेवायचं, हे मला अजून जमलेलं नाही. माझीही पेटी पलंगाखालीच होती, हे बोलताना आठवतं आणि मी गप्प होतो.

मी पुण्याच्या त्या मुलाला दुकानदाराच्या कागदाची छायाप्रत पाठवली आणि सोबत परळची हकिगत लिहिली. आठवडाभर उत्तर नाही. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली, की मॅकार्टनीची तीच हॉफनर, १९७२ मध्ये लंडनला व्हॅनमधून चोरीला गेलेली, इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि त्याच्याकडे परत गेली. त्या दिवशी या मुलाचा फोन. बातमीविषयीच बोलला. शेवटी जरा अडखळत म्हणाला, 'काका, पाच नाही जमणार. दोन देतो. एक विचारू? सहासष्टची ओरिजिनल असती तर मी ती कपाटात ठेवली असती. ही वाजवली तर चालेल ना?'

मी म्हणालो, 'तारा लगेच बदलू नकोस.'

तो येऊन पेटी घेऊन गेला त्या दिवशी पलंगाखाली एक लांबट, धूळ नसलेला पट्टा राहिला होता. हिने तो लगेच पुसला. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गिरगावातल्या सोनाराकडे गेलो. दोन लाखांत, मजुरी आणि कर धरून, जुन्या घडणीची एकच पाटली बसली. बाकीचे पैसे घालून दुसरीही करू, असं मी म्हणालो. ही नको म्हणाली. लग्नकार्यात कुणी विचारलंच, 'अहो, एकाच हातात पाटली?' तर हिचं उत्तर आता ठरलेलं आहे.

'दुसरी पुण्याला असते.'