चष्मा खिशात नको, डोळ्यांवर हवा

खिडकीला ग्रिल बसवायला कारागीर येतो. सोबत ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि एक मदतनीस असतो. लोखंडी पट्टी कापताना ठिणग्यांचा फवारा उडतो आणि कारागीर फक्त मान तिरकी करून डोळे बारीक करतो. चष्मा कुठे आहे असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते, ‘‘आहे की खिशात, पण दोन मिनिटांचे तर काम आहे.’’

हेच उत्तर जेसीबी चालवणारा देतो, शेतात ग्रास कटर फिरवणारा देतो आणि रविवारी भिंतीला ड्रिलने भोक पाडणारे घरातले बाबाही देतात. हेल्मेट आणि सीट बेल्टबद्दल आता घराघरांत बोलले जाते. डोळ्यांच्या बाबतीत मात्र सगळा भरवसा ‘मी सांभाळून करतो’ या वाक्यावर असतो. हा भरवसा किती खरा आहे?

पापणीपेक्षा कण वेगवान

4 इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते. म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास जातो. तिथून सुटलेला लोखंडाचा कण जवळपास त्याच वेगाने निघतो. धोका दिसल्यावर पापणी मिटायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात तो कण 5 मीटरहून जास्त अंतर कापू शकतो आणि आपला चेहरा तर चकतीपासून हातभर अंतरावर असतो. म्हणून कितीही अनुभवी कारागीर असला, तरी पापणी वेळेत मिटेल यावर विसंबून राहता येत नाही. अनुभवाने हात सफाईदार होतो, पापणीचा वेग वाढत नाही.

छिन्नी-हातोड्याचे कामही तितकेच घातक आहे. ठोके खाऊन छिन्नीचे डोके फुलते आणि त्याचा बारीक, धारदार कपचा उडतो. तो इतका लहान असू शकतो, की डोळ्याच्या आत शिरूनही सुरुवातीला फारसे दुखत नाही आणि दिसतेही नीट. माणूस काम चालूच ठेवतो. लोखंडाचा असा तुकडा आत राहून गेला, तर तो हळूहळू गंजतो आणि पुढे दृष्टी जाऊ शकते.

कॅबिनमधला माणूसही सुटत नाही

मोठ्या यंत्राच्या कॅबिनमध्ये बसल्यावर आपण सुरक्षित आहोत असे चालकाला वाटते. पण उकाड्यामुळे समोरची काच उघडी असते आणि ब्रेकरखाली खडक फुटला, की चिपा थेट आत येतात. खाली उभ्या असलेल्या मदतनीसाला तर काचेचाही आडोसा नसतो. चष्मा चालकाइतकाच त्यालाही हवा.

ग्रास कटरच्या पात्याखाली आलेला खडा बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो. म्हणूनच ते चालू असताना इतरांनी किमान 15 मीटर लांब राहावे असे सांगितले जाते. मळणी यंत्रावर धोका वेगळा असतो. भाताचे कुसळ किंवा ज्वारीचे पाते डोळ्याला घासले, तर बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते. अशा वेळी दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले, तर बुरशी आणखी फोफावते.

घरचा चष्मा का चालत नाही?

नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल या कामासाठी बनलेला नसतो. त्याच्या बाजू उघड्या असतात, साधी काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात आणि जोराच्या आघाताने भिंग फ्रेममधून निसटते. सुरक्षा चष्म्याची भिंगे बहुधा पॉलिकार्बोनेटची असतात. ती हलकी असतात आणि जोराचा मारही झेलतात.

खरेदी करताना फ्रेमवर किंवा भिंगावर मानकाची खूण पाहा. भारतीय मानक आयएस 5983 आहे. युरोपचे ईएन 166 किंवा अमेरिकेचे झेड 87.1 लिहिलेलेही चालते. साधा चांगला चष्मा शे-दोनशे रुपयांत मिळतो. खूण नसलेला, रस्त्यावरचा स्वस्त गॉगल घेऊ नका.

कोणत्या कामाला काय?

• ड्रिल, लाकूडकाम, हातोडा-छिन्नी : बाजूंना झडपा असलेला सुरक्षा चष्मा.

• ग्राइंडर, ग्रास कटर, ब्रेकर : चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल किंवा सुरक्षा चष्मा आणि त्यावर फेस शिल्ड. नुसती फेस शिल्ड पुरत नाही, कारण कण खालून किंवा बाजूने आत येतो.

• सिमेंट, चुना, बॅटरीचे अॅसिड : चारही बाजूंनी बंद, आडवळणी छिद्रांचा गॉगल. यात हवा जाते, पण शिंतोडा सरळ आत येत नाही.

• आर्क वेल्डिंग : साधारण 10 ते 13 शेडच्या काचेचे हेल्मेट किंवा हातात धरायची ढाल. गॅस कटिंगचा 5 शेडचा चष्मा इथे चालत नाही, मग उन्हाचा काळा गॉगल तर दूरच.

तक्रारी खऱ्या आहेत, उपायही आहेत

‘घातला की वाफ धरते, घाम येतो, नीट दिसत नाही,’ असे कारागीर म्हणतात, ते खोटे नाही. धुक्यातून पाहत यंत्र चालवणे हाही धोकाच आहे. म्हणून वाफ न धरणारा लेप असलेले भिंग घ्या. चष्मा मळक्या फडक्याने कोरडा पुसू नका, त्याने ओरखडे पडतात. आधी पाण्याने धूळ घालवा, मग सौम्य साबणाने धुऊन मऊ कापडाने टिपा. ओरखडे वाढले, की चष्मा बदला. नंबरचा चष्मा असेल, तर त्यावरून घालता येणारा मोठा सुरक्षा चष्मा मिळतो किंवा नंबर टाकून सुरक्षा चष्मा बनवून घेता येतो. नाकावर टोचणारा किंवा सारखा घसरणारा चष्मा शेवटी खिशातच जातो, म्हणून विकत घेतानाच घालून, खाली वाकून पाहा.

मालकाचीही यात जबाबदारी आहे. कण उडण्याचा किंवा प्रखर प्रकाशाचा धोका असलेल्या कामांसाठी आडोसा किंवा योग्य गॉगल पुरवावा, असे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 35 मध्येच म्हटले होते. त्यामुळे चष्मा मागणे म्हणजे नखरे नव्हेत.

कण गेलाच तर काय करावे?

डोळा चोळू नका. रुमालाचे टोक, काडी किंवा शेजारच्या मित्राचे नख वापरून कण काढू नका. साधी धूळ असेल, तर हात धुऊन स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. बुबुळात रुतलेला लोखंडाचा कण काही तासांतच गंजाचे वलय सोडतो, म्हणून उद्यावर न टाकता नेत्रतज्ज्ञांकडे जा.

ग्राइंडिंग करताना किंवा ठोकताना जोरात काही लागले असेल, रक्त दिसत असेल किंवा नजर अंधूक झाली असेल, तर डोळा दाबू नका, त्यात काही घालू नका आणि रुतलेली वस्तू ओढू नका. कागदी कप डोळ्यावर धरून तो हलकेच चिकटवा आणि थेट रुग्णालय गाठा. तिथे लोखंडाचे काम करत होतो हे आवर्जून सांगा, कारण डोळ्यात लोखंड असताना एमआरआय केल्यास तो तुकडा हलून मोठी इजा होऊ शकते.

चुना, सिमेंट किंवा अॅसिड गेले, तर मात्र क्षणभरही न थांबता वाहत्या पाण्याखाली किमान 15 ते 20 मिनिटे डोळा धुवा आणि मगच दवाखान्यात जा.

वेल्डिंगचा प्रकाश लागला, तर त्रास लगेच होत नाही. 6 ते 12 तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखे वाटते आणि पाणी वाहू लागते. बटाट्याचा कीस, दूध, तूप असे घरगुती प्रयोग करू नका. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. मिटलेल्या डोळ्यांवर स्वच्छ, गार कापड ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बधिर करणारे थेंब मनाने घालू नका, त्यांनी दुखणे थांबते, पण जखम भरणे लांबते.

घरच्यांनी काय करावे?

डोळा एकाचा जातो, पण घर सगळे अडते. कमाई थांबते, उपचारांचा खर्च येतो आणि क्वचित एका डोळ्याच्या खोल जखमेमुळे दुसऱ्या धडधाकट डोळ्यालाही सूज येऊ शकते. त्यामुळे या बाबतीत आग्रह धरण्याचा हक्क घरच्यांना आहे.

• डब्याच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीसोबत चष्माही रोज ठेवा.

• घरातले ड्रिल किंवा ग्राइंडर ठेवता, त्याच खोक्यात एक चष्मा ठेवा. शोधावा लागला, की तो घातला जात नाही.

• घरी काम करणाऱ्या कारागिराकडे चष्मा नसेल, तर तो आणेपर्यंत काम थांबवा. चहा विचारतो, तसेच हेही विचारा.

• मुलांना वेल्डिंग पाहत उभे राहू देऊ नका. तो प्रकाश पाहणाऱ्याच्याही डोळ्यांना इजा करतो.

• संध्याकाळी घरी आलेल्या माणसाचा डोळा लाल दिसला, तर ‘जागरण झाले असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आज काय काम केले, ते विचारा.

कापायचा तुकडा वीतभर असो की लांबलचक पट्टी, चकती तितक्याच वेगाने फिरते. म्हणून यंत्राचे बटण दाबण्याआधी चष्मा डोळ्यांवर चढला पाहिजे, काम दोन मिनिटांचे असले तरीही.