मुक्काम आहेत, विसावा नाही

"भावजी, चार दिवस मिळतील का?" वहिनीने विचारले तेव्हा मला वाटले, पैसे हवे असतील. पण तिला दिवसच हवे होते. तासगावला भाचीचे लग्न होते. आईला अर्धांगवायू झाल्यापासून सहा वर्षांत वहिनी एकही रात्र माहेरी राहिली नव्हती.

आमचे घर उंब्रजचे. तारळी कृष्णेला मिळते ते हे गाव. महामार्गावरून रात्रंदिवस गाड्या धावतात. वहिनीला मात्र बाजारात जायचे तरी आधी शेजारच्या काकूंना आईपाशी बसवावे लागते. मी पुण्यात. महिन्याला पैसे पाठवायचे, सणाला यायचे आणि औषधांबद्दल सल्ले द्यायचे, एवढाच माझा वाटा.

आईला आठवडाभर कुठे ठेवता येईल, याची मी आधी चौकशी केली. एका वृद्धाश्रमात पहिला प्रश्न आला, "कायमचे ठेवणार का?" दुसरीकडे चालते-फिरते माणूसच हवे होते. एका नातेवाइकाने तर ऐकवलेच, "आईला टाकून लग्नाला निघालात होय?"

शेवटी रजा काढून मीच आलो. दादाची रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देण्याची पाळी होती. आईची अंघोळ काकूंनी पत्करली, बाकीचे माझ्याकडे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मऊ घास, तोही उठवून बसवूनच भरवायचा. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. तिसऱ्या रात्री मला डोळा लागला. सकाळी आईच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. माझ्या तीन रात्रींची ही कथा. वहिनीच्या अशा दोन हजारांवर रात्री झाल्या होत्या.

त्यानंतर मी कायदे चाळले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी निवासाची कल्पना आहे. आमची आई निराधार नाही. १९९९ च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय न्यासाने 'समर्थ' योजनेत थोड्या दिवसांच्या निवासाचा विचार केला. पण तो न्यास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरता. म्हातारपणी लकवा झालेली आई त्यात बसत नाही. म्हणजे ज्यांना कोणी नाही, त्यांच्यासाठी निदान कागदावर तरी दार आहे. ज्यांना घर आहे, त्यांच्या घरातली एक बाई मात्र त्या दाराआड कोंडलेली राहते.

जर्मनीने १९९५ साली काळजी-विमा सुरू केला. घरी सेवा करणारा आजारी पडला किंवा सुटीवर गेला, तर बदली माणसाचा ठराविक खर्च त्यातून मिळतो. तिथे सेवा करणाऱ्याची सुटी हा हक्क आहे. आपल्याकडे ती चैन ठरते, वर अपराधही.

खरे तर ही कल्पना आपल्याला परकी नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून, लोणंद-फलटणवरून जाते. तिला मुक्काम असतात, तसे वाटेत विसावेही असतात. विसाव्याला कोणी वारी सोडली असे म्हणत नाही. पुढची मजल गाठता यावी म्हणूनच तो असतो. माणसांच्या सेवेसाठी आपण मुक्काम बांधले, विसावे बांधायचे राहिले. प्रत्येक मोठ्या गावात दोन खाटा, दोन शिकवून तयार केलेल्या बाया आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर, एवढ्यावरही सुरुवात होईल. निराधार असल्याचा दाखला मात्र कोणी मागू नये.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वहिनी आली. हातातली पिशवी ठेवून तिने आधी आईची पाठ पाहिली. चट्टा दिसला. मला काही बोलली नाही, उशी घेऊन कूस बदलली. तिच्या हाताची मेंदी अजून लालभडक होती. आई तो हात बराच वेळ पाहत राहिली. लकव्यापासून तिचे बोलणे अडखळते; पण हे आम्हा सगळ्यांना कळले.

"आजून दोन दिस ऱ्हायची हुतीस," ती म्हणाली.