बॅगेत लपलेला अडकित्ता

सांगा बघू, आधी काय झालं? माणूस चंद्रावर उतरला, की चाकांची बॅग दुकानात सर्रास मिळायला लागली?

चंद्र आधी! नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले १९६९ मध्ये. तोवर आपले आजी-आजोबा पत्र्याची ट्रंक हमालाच्या डोक्यावर देत होते आणि वळकटी स्वतःच्या काखेत मारत होते. चाक तर हजारो वर्षांपूर्वीच सापडलेलं. पण बॅगेला ते लावायचं म्हणून खटपट केली बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाने. सुट्टीवरून परतताना दोन्ही हातांत जडशीळ बॅगा, आणि विमानतळावर समोरून एक कामगार अवजड यंत्र चाकांच्या फळीवरून आरामात ढकलत निघालेला! १९७२ मध्ये सॅडोंना पेटंट मिळालं. अशा कल्पना त्याआधीही कुणी-कुणी मांडल्या होत्या, पण बाजारात टिकली ती ही.

टिकली खरी, पण डुगडुगायची. आडव्या, अरुंद बॅगेला खाली चार छोटी चाकं आणि ओढायला एक पट्टा. वासरू दाव्याने ओढावं तशी ती ओढायची. वळण आलं की धपकन आडवी! मग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बॅग उभी केली, खाली दोनच चाकं ठेवली आणि पट्ट्याऐवजी लांब, ताठ दांडा बसवला.

हा दांडा मला फार आवडतो, कारण त्याने बॅगेची तरफ झाली. अडकित्ता आठवा. एका टोकाला टेकू, मध्ये सुपारी, दुसऱ्या टोकाला आपला हात. कललेल्या बॅगेतही तसंच असतं: चाक म्हणजे टेकू, सामान म्हणजे सुपारी आणि मुठीवर आपला हात.

आता गंमत बघा. समजा बॅग भरून १२ किलोची झाली आणि चाकापासून मुठीपर्यंतचं अंतर १०० सेंटिमीटर आहे. सामानाचा भार चाकापासून ५० सेंटिमीटरवर असेल, तर हातावर साधारण ६ किलो येतात. तेच सामान खाली सरकवून भार २५ सेंटिमीटरवर आणला, तर फक्त ३ किलो! बॅग तीच, कपडे तेच. उरलेलं वजन चाकं पेलतात.

खोटं वाटतं? घरातली दोन चाकांची बॅग घ्या. जाडजूड पुस्तकं आधी मुठीच्या बाजूला भरा, बॅग तिरकी करा आणि मूठ दोनच बोटांवर तोलून बघा. मग पुस्तकं चाकांजवळ ठेवून पुन्हा तोला. बोटंच सांगतील! म्हणून बूट, पुस्तकं आणि आईने दिलेला लाडवांचा डबा तळाशी. टॉवेल, स्वेटर वर.

चार चाकांची बॅग उभीच ढकलता येते, त्यामुळे हातावर भार जवळजवळ येतच नाही. गुळगुळीत फरशीवर ती मस्त पळते. पण एसटी स्टँडवरच्या खडीत? तिथे ती अडून बसते. नुसतं पुढे ओढून चाक किती उंच अडथळा चढेल, हे त्याच्या त्रिज्येवर ठरतं. त्रिज्येएवढा उंच दगड आडवा आला की संपलंच, बॅग उचलावीच लागते. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का, ते आलं ना लक्षात? तेव्हा नवी बॅग घेताना रंग नंतर बघा. आधी ती उलटी करून चाकं बघा, आणि दुकानाच्या उंबऱ्यावरून एकदा ओढून घ्या.